परदेश-दौऱ्यातील मैफलींचे ध्वनिमुद्रण : पाठ आणि प्रक्षेप

ध्वनिमुद्रणाचे साधन उपलब्ध होण्यापूर्वी संपलेली मैफल केवळ ऐकणाऱ्यांच्या स्मरणात उरत असे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केल्यानंतर ह्या स्थितीत मूलभूत पालट झाला. प्रारंभी यंत्र कलावंताकडे जात असे. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान इत्यादी कलावंतांचे गायन मुद्रित केले, तो ह्याच प्रकारचा प्रवास होय. पुढे ध्वनिफितीचा प्रसार झाल्यावर एक वेगळाच प्रकार रूढ झाला. संगीतसंच स्वतःच परदेशी दौऱ्यावर निघू लागला आणि आपल्याबरोबर ध्वनिमुद्रक, यंत्रे व फितींची रिळे नेऊ लागला; अथवा यजमान देशातील यंत्रसामग्रीवर आपल्या माणसाची देखरेख ठेवू लागला.

अशा मुद्रणांवर बहुधा ‘प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण’ असा शिक्का असतो. हा शिक्का नेमके काय सांगतो, आणि भाषेचा, लोकवाङ्मयाचा किंवा संगीताचा अभ्यासक त्यावर कितपत विसंबू शकतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी १९५३ ची टोरांटो येथील मैफल आणि १९७२ मधील दोन परदेश-दौरे अशी तीन उदाहरणे घेतली आहेत.

१. ‘लाइव्ह’ ह्या संज्ञेचा अर्थ

इंग्रजीतील ‘लाइव्ह’ हे विशेषण ह्या विशिष्ट अर्थाने नभोवाणीच्या संदर्भात, १९३० नंतरच्या दशकात रूढ झाले. नभोवाणीवर ऐकू येणारा आवाज माणसाचा की तबकडीचा, हे श्रोत्याला केवळ ऐकून सांगता येत नसे. म्हणून भेद दाखविणारा शब्द लागला. तबकडी अस्तित्वात येण्यापूर्वी प्रत्येकच गायन ‘प्रत्यक्ष’ होते आणि त्यासाठी वेगळ्या विशेषणाची गरज नव्हती. जोवर विरोध नाही तोवर संज्ञा नाही, ह्या भाषाशास्त्रातील परिचित तत्त्वाचेच हे एक उदाहरण आहे.

मराठीत ह्या एका शब्दाची जागा दोन-तीन शब्दांनी घेतली आहे. ‘थेट प्रक्षेपण’ ह्यात समकालिकतेचा अर्थ आहे : घटना घडते त्याच क्षणी ती दूरच्या श्रोत्याला पोचते. ‘प्रत्यक्ष मैफल’ ह्यात समक्षतेचा अर्थ आहे : गायक आणि श्रोता एकाच स्थळी असतात. मैफलीचे ध्वनिमुद्रण ह्या दोन्ही अर्थांनी ‘लाइव्ह’ नसते. कारण ते नंतर ऐकले जाते आणि अन्यत्र ऐकले जाते. त्यात उरतो तो तिसरा अर्थ, आणि तो साक्षीचा आहे : ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक श्रोत्यांसमोर हे असेच घडले.’ वेष्टनावरील शिक्का हे ह्या अर्थी एक विधान आहे, आणि कोणत्याही विधानाप्रमाणे ते खरे किंवा खोटे, पूर्णतः किंवा अंशतः खरे ठरू शकते.

२. दौऱ्यातील भौतिक परिस्थिती

स्टुडिओत ध्वनिमुद्रकाच्या हाती असलेल्या बहुतेक गोष्टी दौऱ्यात त्याच्या हातून निसटतात. त्यांपैकी तिहींचा मुद्रित पाठावर थेट परिणाम होतो.

पहिली गोष्ट विद्युत्प्रवाहाची. अमेरिकेत प्रवाहाची वारंवारता सेकंदास ६० आवर्तने, तर युरोपात व भारतात ५० आवर्तने असते. जपानमध्ये एकाच देशात दोन्ही प्रकार आढळतात : टोकियोकडील पूर्व भागात ५० व ओसाकाकडील पश्चिम भागात ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन, तर ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, त्याचा हा परिणाम आहे. ज्या मुद्रणयंत्राची गती प्रवाहाच्या आवर्तनांशी बांधलेली असते, ते साठाऐवजी पन्नास आवर्तनांवर चालविल्यास फीत एकषष्ठांशाने सावकाश सरकते. अशी फीत पुढे योग्य गतीने वाजविली, तर प्रत्येक स्वर ६ : ५ ह्या प्रमाणात चढतो. भारतीय संज्ञेत सांगावयाचे, तर षड्ज कोमल गांधारावर जाऊन बसतो. केवळ पट्टीच चढते असे नाही. लयही त्याच प्रमाणात वाढते आणि मानवी स्वराची जातकुळी ठरविणारे अनुनादही सरकतात. म्हणून दौऱ्यावरील ध्वनिमुद्रकाला आवर्तनांवर अवलंबून नसलेले यंत्र किंवा स्वतंत्र विद्युत्पुरवठा ह्यांची तजवीज ठेवावी लागे.

दुसरी गोष्ट फितीच्या लांबीची. साडेदहा इंची रिळावर सुमारे २५०० फूट फीत बसते. सेकंदास १५ इंच ह्या गतीने ती सुमारे ३३ मिनिटे पुरते. गती ३० इंच ठेवली, तर साडेसोळा मिनिटांतच संपते. गती वाढविली की ध्वनी अधिक स्वच्छ उमटतो, पण रीळ लवकर बदलावे लागते. विस्ताराने गाणारा-वाजविणारा संच ह्या वेळापत्रकाची पर्वा करीत नाही. परिणामी, दुसरे यंत्र तयार नसेल, तर रीळ बदलण्याच्या क्षणी पाठात खंड पडतो.

तिसरी गोष्ट ध्वनीच्या सरमिसळीची. बहुट्रॅक पद्धतीत प्रत्येक गायकाचा व वाद्याचा आवाज फितीवरील स्वतंत्र ट्रॅकवर घेतला जातो, असे म्हटले जाते. रंगमंचावर मात्र ही स्वतंत्रता सापेक्षच असते. गायकासमोरील मायक्रोफोनमध्ये शेजारचा ड्रम शिरतो, ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये गिटार शिरते, आणि सभागृहाचा प्रतिध्वनी सर्वांतच मिसळतो. शिवाय तोच मायक्रोफोन सभागृहातील कर्ण्यांनाही आवाज पुरवीत असतो. म्हणून त्याचा प्रवाह दुभागून एक शाखा मुद्रणयंत्राकडे न्यावी लागते. ही सरमिसळ ध्वनिमुद्रकाला अडचणीची वाटते. साक्षीच्या दृष्टीने मात्र ती मोलाची आहे, कारण सर्व ट्रॅक एकाच काळाशी व एकाच स्थळाशी तीच बांधून ठेवते.

३. टोरांटो, १५ मे १९५३

टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये ह्या दिवशी पाच अमेरिकन जाझ-वादक एकत्र आले : सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, डबल बासवर चार्ल्स मिंगस आणि ड्रमवर मॅक्स रोच. त्याच रात्री मार्सियानो व वॉलकॉट ह्यांची मुष्टियुद्धाची लढत असल्यामुळे श्रोत्यांची उपस्थिती बेताचीच होती. मैफल फितीवर घेतली गेली, आणि मिंगस व रोच ह्यांच्याच ‘डेब्यू’ ह्या लहानशा कंपनीने ती प्रसिद्ध केली. पार्कर दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने वेष्टनावर त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले.

मुद्रणात डबल बासचा आवाज अत्यंत क्षीण उमटला होता. तेव्हा मिंगसने न्यूयॉर्कला परतल्यावर स्टुडिओत मूळ फीत ऐकत आपला भाग पुन्हा वाजविला व तो तिच्यावर चढविला. म्हणजे प्रसिद्ध तबकडीवरील चौघे १५ मे रोजी टोरांटोत वाजवीत आहेत, तर पाचवा नंतर, न्यूयॉर्कमध्ये, त्या चौघांना ऐकत वाजवीत आहे. ह्यातील सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मैफलीत ड्रमवादक बासवादकाला ऐकून प्रतिसाद देतो आणि बासवादक त्याला. भर घातलेल्या मुद्रणात हा संवाद एकमार्गी होतो : मिंगस रोचला उत्तर देऊ शकतो, पण रोच मिंगसच्या ह्या नव्या वादनाला उत्तर देऊ शकत नाही. समूहवादनाची तुलना संभाषणाशी केली जाते. ती मान्य केल्यास ह्या तबकडीवर एका सहभागी व्यक्तीची वाक्ये संभाषण संपल्यानंतर लिहिलेली आहेत, असे म्हणावे लागेल.

सुदैवाने मूळ मुद्रण नष्ट झाले नाही. पुढे बासची भर नसलेला पाठही प्रसिद्ध झाला आणि दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. चिकित्सेच्या दृष्टीने ही आदर्श परिस्थिती होय : प्रक्षेप कोणता, कोणी केला आणि का केला, हे ज्ञात आहे, आणि प्रक्षेपरहित प्रतही हाती आहे.

४. युरोप, एप्रिल-मे १९७२

कॅलिफोर्नियातील ‘ग्रेटफुल डेड’ ह्या संचाचा युरोप-दौरा लंडनच्या वेम्ब्ली येथे ७ एप्रिल १९७२ रोजी सुरू झाला आणि २६ मे रोजी लंडनच्याच लिसियम नाट्यगृहात संपला. न्यूकॅसल, कोपनहेगन, ऑर्हूस, ड्युसेलडॉर्फ, फ्रँकफर्ट, हँबर्ग, पॅरिस, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, लील, लक्झेंबर्ग, म्युनिक इत्यादी ठिकाणी, ब्रेमेन येथील दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतील कार्यक्रम धरून, एकूण २२ कार्यक्रम झाले. संचाबरोबर चाळीसहून अधिक माणसांचा लवाजमा होता, आणि सोळा-ट्रॅक मुद्रणयंत्र एका मालमोटारीत बसवून गावोगाव नेले जात होते. मुद्रणाच्या कामात बॉब मॅथ्यूज व बेटी कँटर ही मंडळी होती. दौऱ्याचा खर्च तबकडी-कंपनीकडून निघावा, हा ह्या मुद्रणामागील व्यावहारिक हेतू होता.

दौऱ्यातील अनिश्चितीचा प्रत्यय लील येथे आला. पॅरिसहून यंत्रसामग्रीची मालमोटार वेळेवर पोचू न शकल्यामुळे तेथील कार्यक्रम होऊ शकला नाही, आणि संतप्त श्रोत्यांना चुकवून संचाला काढता पाय घ्यावा लागला. पुढे १३ मे रोजी संच मुद्दाम परत आला व त्याने उघड्या मैदानावर विनामूल्य कार्यक्रम केला. तोही मुद्रित झाला.

नोव्हेंबर १९७२ मध्ये ह्या मुद्रणांतून निवडलेल्या १७ भागांचा तीन तबकड्यांचा संच ‘युरोप ’७२’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. प्रसिद्धीपूर्वी कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी गायनाचे भाग पुन्हा गाऊन बदलण्यात आले. वाद्यवादन युरोपातील, तर कंठस्वर काही अंशी नंतरच्या स्टुडिओतील, अशी ही मिश्र संहिता आहे. ‘ही’ज गॉन’, ‘जॅक स्ट्रॉ’, ‘रॅम्बल ऑन रोज’, ‘टेनेसी जेड’ इत्यादी गीतांचे स्टुडिओतील स्वतंत्र मुद्रण ह्या संचाने कधी प्रसिद्ध केले नाही. म्हणून ह्या गीतांपुरती ही मिश्र संहिताच दीर्घकाळ प्रमाण-पाठ मानली गेली.

अशा दुरुस्तीत एक धोका संभवतो, तो येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. सोळाही ट्रॅक भरलेले असतील, तर नवा स्वर मुद्रित करण्यासाठी रिकामी जागा उरत नाही. मूळ फीत आधी दुसऱ्या फितीवर उतरवून घेतली नसेल, तर नवा स्वर जुन्याच्या जागी मुद्रित होतो आणि जुना पुसला जातो. हस्तलिखितात खोडलेले अक्षर पुष्कळदा वाचता येते. चुंबकीय फितीवर पुसलेला स्वर पुन्हा मिळत नाही.

ह्या दौऱ्याच्या बाबतीत दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मूळ सोळा-ट्रॅक फिती जपल्या गेल्या, आणि २०११ मध्ये सर्वच्या सर्व २२ कार्यक्रम ७३ तबकड्यांवर प्रसिद्ध झाले. फितीच्या गतीत मुळात झालेले सूक्ष्म चढउतारही त्या वेळी दुरुस्त करण्यात आले. मुद्रणाच्या वेळी फितीवर कानाला ऐकू न येणारा एक अत्युच्च वारंवारतेचा संकेत उमटलेला असतो. तो स्थिर असावयास हवा. तो जेथे हलतो, तेथे फीत हलली असे समजते आणि त्यावरून गणिताने गती सुधारता येते. ही दुरुस्तीच असली, तरी गायन बदलण्याहून ती जातीने भिन्न आहे. येथे यंत्राचा दोष यंत्राने मागे ठेवलेल्या पुराव्यावरून काढला जातो; कलावंताच्या कृतीला हात लागत नाही. लेखनिकाचा हस्तदोष सुधारणे आणि कवीचा चरण बदलणे ह्यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे.

संपूर्ण मुद्रणामुळे आणखी एक लाभ झाला. ‘ही’ज गॉन’ हे गीत १७ एप्रिल रोजी कोपनहेगन येथे प्रथम गायिले गेले. १९७२ च्या संग्रहातील पाठ १० मेच्या ॲमस्टरडॅम येथील कार्यक्रमाचा आहे. ह्या तीन आठवड्यांत गीत कसे स्थिरावत गेले, ते आता क्रमाने तपासता येते. ह्याच दौऱ्यात संचाचा संस्थापक-सदस्य रॉन मॅककर्नन हा शेवटच्या वेळी दीर्घकाळ गाताना ऐकू येतो. मार्च १९७३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो मरण पावला. ज्याचा आवाज पुन्हा मुद्रित होणे शक्य नाही, त्याच्या बाबतीत फितीचे साक्षीमूल्य किती वाढते, हे वेगळे सांगावयास नको.

५. जपान, ऑगस्ट १९७२

त्याच वर्षी ‘डीप पर्पल’ हा इंग्लिश संच प्रथमच जपानच्या दौऱ्यावर गेला. १५ व १६ ऑगस्ट रोजी ओसाका येथे आणि १७ ऑगस्ट रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात त्याचे कार्यक्रम झाले. जपानमधील श्रोत्यांसाठी तबकडी काढावी, अशी तेथील कंपनीची इच्छा होती. संचाने ती मान्य केली. मात्र आपला नेहमीचा ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च ह्यानेच मुद्रण करावे आणि प्रसिद्धीपूर्वी आपली संमती घ्यावी, अशा अटी घातल्या. मुद्रण आठ ट्रॅकवर झाले. त्यातून सिद्ध झालेला ‘मेड इन जपान’ हा दोन तबकड्यांचा संग्रह डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टुडिओत कोणतीही भर घातलेली नाही, असे संचाच्या सदस्यांनी सांगितले आहे.

तथापि भर नाही म्हणजे संपादन नाही, असा अर्थ करणे बरोबर होणार नाही. संग्रहात सात भाग आहेत, आणि ते तिन्ही रात्रींतून निवडलेले आहेत. त्यांतील बहुसंख्य १६ ऑगस्टचे आहेत. प्रत्येक भाग आपापल्या जागी खरा आहे, पण ऐकणाऱ्याला जी एक सलग मैफल झाल्यासारखी वाटते ती त्या क्रमाने कोणत्याही रात्री झालेली नाही. १९९३ मध्ये तिन्ही कार्यक्रमांचे विस्तृत मुद्रण तीन तबकड्यांवर प्रसिद्ध झाल्यावर ही निवड पडताळून पाहता आली.

१९७२ मधील हे दोन संग्रह अशा रीतीने एकमेकांस पूरक आहेत. एकात भाग अंतर्यामी बदलला आहे. दुसऱ्यात भाग अविकृत आहेत, पण त्यांची जुळणी नवी आहे. दोघांवर शिक्का एकच.

६. पाठचिकित्सेची दृष्टी आणि तिच्या मर्यादा

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पद्धत येथे उपयोगी पडते. त्या आवृत्तीत संपादकांनी प्रक्षिप्त ठरलेले श्लोक टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत नोंदविले. प्रक्षेप हा दोष नसून माहिती आहे, तो दडविणे हा दोष आहे, हे तत्त्व ध्वनिफितीलाही तितकेच लागू पडते.

परंतु एक मर्यादाही आहे. चिकित्सक आवृत्ती उपलब्ध हस्तलिखितांमागील समान मूळ प्रतीचा शोध घेते. बावीस रात्री गायिलेल्या एका गीताला अशी मूळ प्रत नसते. प्रत्येक रात्रीचे गायन हा स्वयंपूर्ण पाठ असतो. त्यांतील एक मूळ आणि बाकीचे अपभ्रष्ट, असे म्हणता येत नाही. ह्या बाबतीत दौऱ्यावरील संगीत लिखित ग्रंथापेक्षा जात्यावरच्या ओवीच्या अधिक जवळ आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात संकलित झालेल्या एक लक्षाहून अधिक ओव्यांत जे पाठभेद आढळतात, त्यांतील शुद्ध कोणता हा प्रश्न गैरलागू ठरतो. कोणत्या बाईने, कोणत्या गावी, केव्हा गायिली, एवढेच विचारता येते.

ह्या संदर्भात ‘शक्ती’ ह्या संचाच्या पहिल्या तबकडीचाही उल्लेख करता येईल. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, घटम्-वादक टी. एच. विनायकराम इत्यादींबरोबर मुंबईचे झाकिर हुसेन ह्या संचात होते. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथॅम्प्टन येथे झालेल्या मैफलीचे हे मुद्रण १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. सवाल-जवाबाच्या अंगाने जाणाऱ्या अशा वादनात एकाचा बोल बदलला, तर दुसऱ्याचे उत्तर निराधार होते. ज्या संगीतात परस्परप्रतिसाद हाच रचनेचा पाया असतो, ते संगीत नंतरच्या दुरुस्तीला सर्वांत कमी वाव देते.

७. अभ्यासकाने विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून, मैफलीचे मुद्रण पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळविणे आवश्यक ठरते. एक, मुद्रणाची तारीख व स्थळ प्रत्येक भागासाठी स्वतंत्रपणे ज्ञात आहे काय ? दोन, कोणता स्वर अथवा वाद्य नंतर बदलले वा वाढविले आहे, आणि मूळ शिल्लक आहे काय ? तीन, भागांचा क्रम व त्यांमधील टाळ्या, निवेदने व विराम मूळचेच आहेत काय ? चार, गतीची व पट्टीची शहानिशा कशी केली आहे ?

हे प्रश्न केवळ संगीताच्या अभ्यासकाचे नाहीत. रंगमंचावरील गायकाचे उच्चार, श्वासाच्या जागा, थकव्याने येणारे स्वरातील बदल, परभाषिक श्रोत्यांपुढे बोलण्याची रीत ह्यांचा अभ्यास जो करील, त्याने ‘युरोप ’७२’चा १९७२ मधील पाठ आधारास घेतला, तर दौऱ्याच्या सहाव्या आठवड्यातील स्वर म्हणून तो कदाचित कॅलिफोर्नियातील विश्रांतीनंतरच्या स्वराचे मापन करील. त्याचे मापन अचूक असेल आणि निष्कर्ष चुकीचा. हेच संकट लोकगीतांच्या वा बोलींच्या मुद्रणांवरही येऊ शकते. अडखळणे, पुनरुक्ती, अर्धवट सोडलेले वाक्य हे संकलकाला ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी गाळावेसे वाटते, आणि नेमका तोच भाग भाषाभ्यासकाला हवा असतो. आता संगणकावर अशी दुरुस्ती कोणताही सांधा ऐकू न येता करता येते. त्यामुळे कानावर विसंबून प्रक्षेप ओळखण्याचा मार्गही जवळजवळ बंद झाला आहे.

म्हणून निर्णायक महत्त्व येते ते फितीबरोबरच्या नोंदवहीला. रिळाचा क्रमांक, तारीख, यंत्राची गती, कोणता मायक्रोफोन कोणत्या ट्रॅकवर, रीळ कोणत्या क्षणी बदलले आणि पुढे कोणी काय बदलले, एवढ्या नोंदी असल्या, तर दुरुस्त केलेले मुद्रणही विश्वसनीय साक्षीदार ठरते. त्या नसतील, तर अस्पर्शित मुद्रणाचीही साक्ष मर्यादितच राहते. विभागातील विद्यार्थी क्षेत्रकार्यास निघताना यंत्राची काळजी घेतात. नोंदवहीची काळजी त्याहून अधिक घेतली जावी, एवढाच ह्या तीन मैफलींच्या इतिहासाचा व्यावहारिक बोध आहे.